भिंतीपलीकडचा खर्ज



भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने ध्वनीविषयी लिहावे यात नवल नाही. स्वन, स्वनिम, आघात, सुरावली या संज्ञा तुमच्या परिचयाच्या आहेत. परंतु आज मी जे सांगणार आहे, ते कोणत्याही घटकाचे स्पष्टीकरण नाही. माझ्या घरातील दोन लाकडी पेट्यांविषयी आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांच्यामुळे मला मिळालेल्या एका धड्याविषयी मी लिहीत आहे. त्या पेट्यांना सबवूफर म्हणतात.

प्रथम नावाकडे पाहू. घरातील ध्वनिवर्धकाच्या पेटीत सामान्यतः दोन प्रकारचे ध्वनिक्षेपक असतात. उंच स्वरांसाठी असतो तो 'ट्वीटर' आणि खालच्या स्वरांसाठी असतो तो 'वूफर'. इंग्रजीत पाखराच्या चिवचिवाटाला 'ट्वीट' आणि कुत्र्याच्या भुंकण्याला 'वूफ' म्हणतात. म्हणजे ही दोन्ही नावे ध्वन्यनुकारी आहेत. एक चिवचिवणारा, दुसरा भुंकणारा. 'सबवूफर' हा त्या भुंकणाऱ्याच्याही खालचा. आपल्या संगीताच्या भाषेत सांगायचे, तर मंद्र सप्तकाच्याही खाली जे अतिमंद्र सप्तक आहे, त्या प्रदेशात त्याचा वावर असतो. माणसाच्या कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ या पट्ट्यातील ध्वनी ऐकू येतात. त्यांपैकी तळाचे, २० पासून ८० पर्यंतचे ध्वनी निर्माण करणे, एवढेच सबवूफरचे काम.

माझे बालपण मिरजेत गेले. सतारमेकर गल्ली आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या कुळातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला आणि पुढे मिरजेच्या सतारी व तंबोरे देशभर गेले. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. शाळेतून येताना मी त्या गल्लीत रेंगाळत असे. कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवीत जवारी लावीत बसलेला असे, आणि एका विशिष्ट क्षणी साधी वाजणारी तार एकाएकी उघडून झंकारू लागे. माझे वडील शाळामास्तर होते आणि हौसेने गात. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यातील उरुसात, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेला ते मला खांद्यावर बसवून नेत. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर त्याच आवारात आहे. तंबोरा लावताना वडील सर्वांत जास्त वेळ शेवटच्या तारेवर, खर्जावर घालवीत. "खर्ज लागला की बाकीच्यांना कुठं बसायचं ते कळतं," असे ते म्हणत. हा 'खर्ज' शब्दही पाहण्यासारखा आहे. मूळ शब्द 'षड्ज'. 'ष'चा 'ख' असा उच्चार करण्याची उत्तरेकडील रीत त्यात मिसळली आणि षड्जाचा खरज, खर्ज झाला. आपण मात्र दोन्ही रूपे ठेवून घेतली आणि त्यांच्यात कामाची वाटणी केली: षड्ज हा स्वर, खर्ज हा खालचा षड्ज.

वडिलांचा तंबोरा आता सांगलीला, विश्रामबागेतील माझ्या घरात, बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात उभा असतो. मला गळा नाही, म्हणून मी ऐकण्याची हौस केली. वीस वर्षांत थोडी थोडी बचत करून चांगला ॲम्प्लिफायर आणि उंच स्पीकरांची जोडी घेतली. ती जोडी ४५ हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरत असे. एवढ्यावर समाधान मानायला हरकत नव्हती. परंतु ध्वनिमुद्रणातील तंबोऱ्याचा खर्ज मला वडिलांच्या खर्जासारखा भरदार वाटेना. खाली काहीतरी उणे आहे, असे वाटत राहिले. शेवटी एका महिन्याच्या वेतनाहून अधिक रक्कम खर्चून मी दोन सबवूफर घरी आणले.

दोन कशासाठी, असे तुम्ही विचाराल. खालच्या ध्वनीची तरंगलांबी फार मोठी असते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर ४० हर्ट्झचा एक तरंग साडेआठ मीटर, म्हणजे सुमारे २८ फूट लांब भरतो. माझी खोली १६ फूट लांब आणि १२ फूट रुंद आहे. एवढ्या खोलीत तो तरंग मावत नाही. तो भिंतींवर आपटून परततो, स्वतःलाच भेटतो, आणि त्या भेटीत कोठे दुप्पट होतो तर कोठे नाहीसा होतो. परिणामी एका खुर्चीवर घुमघुम आणि दोन हातांवरच्या दुसऱ्या खुर्चीवर शुकशुकाट. सबवूफर दोन असले आणि ते समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले, तर एकाने उठवलेली काही आंदोलने दुसरा शमवतो आणि खोलीभर ध्वनी बराचसा समान पसरतो.

योग्य जागा शोधण्याची एक गमतीदार पद्धत आहे. सबवूफर आपल्या नेहमीच्या खुर्चीवर ठेवायचा, गाणे लावायचे आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरायचे. जेथे खालचे स्वर स्वच्छ व समतोल ऐकू येतील, तेथे सबवूफर ठेवायचा. ध्वनी आणि श्रोता यांनी जागांची अदलाबदल केली, तरी दोघांमधील नाते तेच राहते, हे यामागचे तत्त्व. एका रविवारी मी असा गुडघ्यांवर रांगत असताना दाराशी शेजारच्या सूनबाई वाटीभर साखर मागायला आल्या. "सरांचं काही हरवलंय का?" त्यांनी विचारले. पत्नी म्हणाली, "डोकं. घरात डॉल्बी आणलीय."

आपल्या भागात 'डॉल्बी' म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत, ती डॉल्बी. हा शब्द कोठून आला, ते मात्र ऐकण्यासारखे आहे. रे डॉल्बी या अभियंत्याने १९६५ साली लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली, ती ध्वनिफितीतील खरखर कमी करण्याची युक्ती शोधण्यासाठी. जुन्या कॅसेट प्लेअरवर त्याच्या नावाचे जे बटण असे, ते दाबले की फितीची सळसळ मंदावे. म्हणजे ज्या माणसाचे नाव नको असलेला आवाज कमी करण्यासाठी जगभर झाले, त्याच नावाला सांगली, सातारा, कोल्हापूर भागात कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाचा अर्थ प्राप्त झाला. अर्थपरिवर्तनाचे याहून चांगले उदाहरण मला वर्गात सापडलेले नाही. ते उदाहरण देता देता मी दरवर्षी विद्यार्थ्यांना डॉल्बीमुक्त मिरवणुकीचे आवाहनही करीत आलो आहे. हे लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

तर, सबवूफर बसले. एक रस्त्याकडच्या भिंतीच्या मध्यावर आणि दुसरा समोरच्या भिंतीच्या मध्यावर. आमची घरे जोडघरे आहेत. ती समोरची भिंत आमची आणि शेजाऱ्यांची सामाईक आहे.

पहिल्या संध्याकाळी दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी की, गाणे सुरू होताच कोपऱ्यातील वडिलांच्या तंबोऱ्याची खर्जाची तार कोणी न छेडता बोलू लागली. वडील काळी एकमध्ये गात. त्या पट्टीचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, आणि खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९ हर्ट्झचा. गायकाची पट्टी तीच निघाली आणि सबवूफरने हलवलेल्या हवेने तार हलली. याला भौतिकशास्त्रात अनुनाद म्हणतात. मी मात्र शास्त्र विसरून काही क्षण खुर्चीवर स्तब्ध बसलो.

दुसरी गोष्ट मला थोडी लाजवणारी होती. खात्री करून घ्यावी म्हणून मी सबवूफर बंद करून तेच मुद्रण पुन्हा ऐकले. खर्ज तसाच होता. तसाच असणार, कारण ६९ हर्ट्झ हा ४५ च्या वरचाच आकडा आहे. माझे जुने स्पीकर तो पहिल्यापासून वाजवीत होते. शिवाय जवारीमुळे तंबोऱ्याच्या ध्वनीत वरचे उपस्वर इतके समृद्ध असतात की, मूळ स्वराचा स्वतःचा वाटा बेताचाच असतो. त्या उपस्वरांमधील अंतरे मोजून आपला कानच खाली षड्ज उभा करतो.

हे मला माहीत नव्हते असे नाही. मी ते वर्गात शिकवतो. जुन्या दूरध्वनीची तार ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी वाहून नेत असे. प्रौढ पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर १०० ते १३० च्या आसपास असतो, म्हणजे तो त्या तारेतून जातच नव्हता. तरीही पलीकडून बोलणारा पुरुष आपल्याला पुरुषासारखाच ऐकू येई. उपस्वर पोहोचत आणि त्यांच्यावरून मेंदू हरवलेला मूळ स्वर भरून काढी. पुण्यात शिकत असताना दर रविवारी रात्री मी एस.टी.डी. बूथमधून मिरजेला फोन करीत असे. वडिलांचा तो घनगंभीर "बोल" मला आजही आठवतो. त्यातला गंभीरपणा तारेतून आलेला नव्हता. तो माझ्या कानांनी, आठवणीच्या आधारे, माझ्या बाजूला घडवलेला होता. म्हणजे माझ्या स्पीकरांत काही उणे नव्हते. उणे काय होते, ते तुम्ही ओळखलेच असेल. ते कोणत्याही दुकानात मिळणार नव्हते.

परंतु वस्तू घरात आली की तिचे समर्थन करणारी कारणे माणूस शोधून काढतो. डग्ग्याचा घुमारा आता भरीव वाटे, पखवाजाची थाप जमिनीतून पायांना जाणवे. मी दिवसभराची कामे आटोपून रात्री दहानंतर ऐकत बसू लागलो. लोकांना त्रास नको म्हणून आवाज कमी ठेवी. येथे कानाचा आणखी एक स्वभाव आडवा आला. आवाज कमी केला की सगळे स्वर सारख्या प्रमाणात कमी झालेले वाटत नाहीत. खालचे स्वर आधी नाहीसे होतात, कारण त्यांच्या बाबतीत आपला कान मुळातच मंद आहे. म्हणून मी मुख्य आवाज कमी करी आणि सबवूफरचा तेवढा वाढवी. माझ्या खोलीत ते गाणे कुजबुजीएवढे असे. मी अगदी सज्जन श्रोता आहे, असे मला वाटत होते.

दीड महिना असा गेला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार दिवस गावाला जाऊन आलो. परतल्यावर शेजारच्या सूनबाई पत्नीशी बोलत होत्या. त्यांच्या सासूबाई, ज्यांना सारी गल्ली आक्का म्हणते, ऐंशी ओलांडलेल्या आहेत. महिनाभर त्यांना रात्री झोप नव्हती. छातीत धडधडते, असे म्हणत. डॉक्टरांना दाखवले, हृदयाचा आलेख दोनदा काढला, तो दोन्ही वेळा नीट आला. तरीही आक्का धास्तावल्या होत्या. मुलींना बोलावून घेऊन त्यांनी आपल्या पाटल्यांची वाटणीही सांगून टाकली होती. "पण बघा वैनी," सूनबाई म्हणाल्या, "गेले चार दिवस एकदम शांत झोपल्या."

मी आत वर्तमानपत्र वाचत होतो. ते खाली ठेवावे लागले.

त्या संध्याकाळी पत्नीला मी नेहमीचे मुद्रण नेहमीच्या आवाजात लावायला सांगितले आणि स्वतः शेजारी गेलो. आक्कांचा पलंग सामाईक भिंतीला टेकून होता. पलीकडे, बरोबर उशाच्या जागी, माझा दुसरा सबवूफर होता. परवानगी घेऊन मी पलंगावर बसलो आणि भिंतीला पाठ टेकली.

मित्रहो, मी काय ऐकले ते सांगतो. गायक नव्हता. शब्द नव्हते. राग नव्हता, तंबोरा नव्हता, लय कळावी एवढी तबल्याची स्पष्टताही नव्हती. नऊ इंची विटांच्या भिंतीने वरचे सारे स्वर अडवून ठेवले होते आणि खालचे तेवढे सोडले होते. बरगड्यांच्या आत, अनियमितपणे, काहीतरी धडधडत होते. थांबत होते, पुन्हा धडधडत होते. ध्वनी बाहेरून येत आहे असेही वाटत नव्हते, कारण इतक्या खालच्या स्वराची दिशा कानाला कळत नाही. माझ्या खोलीत जे विलंबित ख्याल होते, ते येथे एका म्हाताऱ्या छातीतले आजारपण झाले होते.

दूरध्वनीतून वडिलांचा अर्धाच आवाज येई आणि माझा कान तो पुरा करी. आक्कांनाही अर्धाच आवाज मिळाला, आणि त्यांच्या कानाने तो त्यांच्या परीने पुरा केला. माझ्याकडे आठवण होती, त्यांच्याकडे वयाची भीती होती. कानाचे काम एकच, हाताशी आलेले साहित्य मात्र निराळे.

मी त्यांना सारे सांगितले. ओशाळून सांगितले, आणि माफी मागितली. आक्का बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या. "आवो सर, तुमचं गाणं व्हय ते! मला वाटलं माझंच काळीज वाजतंय."

घरी येऊन मी नियम काढून पाहिले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मोबाइलवरील साध्या मापकाने मी आक्कांच्या खोलीत मोजले होते. आकडा मर्यादेच्या बराच खाली होता. कारण असे की, असे मापन ज्या पद्धतीने होते, तीत कानाच्या मंदपणाला अनुसरून खालच्या ध्वनींचे वजन कमी धरले जाते. ५० हर्ट्झचा ध्वनी सुमारे ३० डेसिबलने कमी मोजला जातो. मापकाच्या लेखी मी निर्दोष होतो. ज्या मिरवणुकीविरुद्ध मी बोलत आलो, तिच्यातली मुले निदान सर्वांसमोर, दिवसाढवळ्या वाजवीत होती. ट्रॉलीसमोर नाचणाऱ्याला गाणे ऐकू येते आणि चार घरांपलीकडच्या पाळण्यातल्या बाळाला नुसता दणका, हे मी वर्गात सांगत असे. माझ्या भिंतीपलीकडे तेच चालले होते, हे मला दिसले नाही. मी श्रोत्याच्या जागी ध्वनी आणि ध्वनीच्या जागी श्रोता ठेवून सारी खोली रांगून काढली होती. भिंतीपाशी मात्र थांबलो होतो.

आणि आपल्या भाषेने तर मला केव्हाचे सावध केले होते. मराठीतील ध्वन्यनुकारी शब्द आठवा. उंच, बारीक ध्वनींसाठी आपण किणकिण, चिवचिव, टिकटिक, किरकिर म्हणतो. अघोष व्यंजने आणि पुढचा 'इ'. खालच्या, जड ध्वनींसाठी घुमघुम, धडधड, गडगड, ढमढम, घरघर. सघोष व्यंजने, आणि त्यांतही 'घ', 'ध', 'ढ' यांसारखी महाप्राण. या महाप्राण सघोष व्यंजनांचा उच्चार करताना आवाजाची पट्टी खरोखरच किंचित खाली उतरते. म्हणजे हे शब्द नुसती नक्कल करीत नाहीत, ते उच्चारताना आपला कंठ स्वतः खाली जातो. आता 'धडधड' हा शब्द पाहा. रेल्वेच्या पुलाची धडधड आणि काळजाची धडधड, दोहोंसाठी मराठीत शब्द एकच. बाहेरचा खालचा ध्वनी आणि आतली भीती यांत कानाची गफलत होऊ शकते, हे आपल्या भाषेला ठाऊक आहे. मी तिचा अभ्यासक असून मला ते भिंतीला पाठ टेकल्यावर कळले.

पुढची व्यवस्था साधी आहे. सामाईक भिंतीजवळचा सबवूफर हलवून रस्त्याकडच्या बाजूला, पहिल्याच्या शेजारी आणला. समोरासमोरच्या मांडणीतील समतोल त्यामुळे गेला. माझ्या खुर्चीवर आता काही स्वर फुगतात आणि काही दबतात. सबवूफरचा आवाज किती ठेवायचा, हे मी माझ्या खुर्चीवरून ठरवले नाही. मी आक्कांच्या पलंगावर बसलो, पत्नीने पलीकडे हळूहळू बटण फिरवले, आणि पाठीला काहीच जाणवेनासे झाले त्या ठिकाणी पेन्सिलने खूण केली. रात्री नऊनंतर दोन्ही पेट्या बंद असतात.

एका दुपारी मी आक्कांना मुद्दाम घरी बोलावले आणि तेच मुद्रण ऐकवले. त्या मांडी घालून, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. तंबोऱ्याची तार त्यांच्यासाठीही बोलली. गाणे संपल्यावर त्यांनी विचारले, "एवढं ग्वाड गाणं, मग भिंतीतनं तसं का येत हुतं?"

भिंत काय अडवते आणि काय सोडते, हे मी त्यांना सांगितले. ते त्यांना पटले की नाही, कोण जाणे. जाताना त्या उंबऱ्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "राती लावा की थोडं. म्या जागीच असती." मी लावतो, नऊनंतर, सबवूफर बंद ठेवून. वडिलांचा तंबोरा तेव्हा कोपऱ्यात गप्प असतो. खर्ज मात्र ऐकू येतो.